महानगराची हद्द नक्की कोण आखतं?

"मॅडम, आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाख आहे. मंग आपन महानगर काऊन नाही?"

नववीच्या वर्गात मागच्या बाकावरून आलेला हा प्रश्न. भूगोलाचा नागरीकरणाचा पाठ चालू होता. हा पाठ मी दरवर्षी शिकवते आणि खरं सांगायचं तर दरवर्षी जरा घाईनेच उरकते. वर्गाच्या खिडकीतून धान निघून गेलेल्या बांध्या दिसतात, त्यात लाखोळी पेरलेली असते, आणि मी फळ्यावर मुंबई, दिल्ली, कोलकाता लिहीत असते. मुलंही लिहून घेतात. "दहा लाखांपेक्षा जास्त लोकसंख्या म्हणजे महानगर" एवढी एक ओळ आली की दोन गुण पक्के, हे त्यांना माहीत आणि मलाही.

प्रश्न विचारणाऱ्याने आकडा कुठून आणला होता? आमच्याच वर्गाच्या भिंतीवरून! जिल्ह्याच्या माहितीचा तक्ता मीच मागच्या वर्षी मुलांकडून करून घेतला होता. २०११ च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७. दहा लाखांपेक्षा तीन लाखांनी जास्त. पोराचं गणित बरोबर होतं.

मी काय केलं असेल? जे आपण सगळे घाईत करतो तेच. "अरे, जिल्हा म्हणजे शहर नव्हे, बस खाली." तो बसला. घंटा झाली. पण त्याचं समाधान झालं नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि माझंही झालं नव्हतं.

मी गोंदियाहून अप-डाऊन करते. (मुख्यालयी राहण्याचा विषय इथे नको, त्यावर आपण सगळे पुरेसं बोललो आहोत.) संध्याकाळच्या गाडीत धानोली, आमगाव, गुदमा अशी स्टेशनं जात असताना मी मोबाईलवर संविधानाचं कलम काढलं. ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची. तिच्यामुळे आलेल्या २४३-पी या कलमात महानगर क्षेत्राची व्याख्या आहे. मी ती याआधी कधी मुळातून वाचली नव्हती. साध्या शब्दांत सांगायचं तर ती अशी : ज्या क्षेत्राची लोकसंख्या दहा लाख किंवा अधिक आहे, जे एका किंवा अधिक जिल्ह्यांत आहे, ज्यात दोन किंवा अधिक नगरपालिका किंवा पंचायती किंवा लगतचं इतर क्षेत्र येतं, आणि जे राज्यपालांनी अधिसूचना काढून महानगर क्षेत्र म्हणून जाहीर केलं आहे.

दोनदा वाचलं. एका जिल्ह्यातलं क्षेत्र चालतं. पंचायती चालतात. दहा लाख पुरेत. घराला घर लागून असलं पाहिजे, उंच इमारती पाहिजेत, कारखाने पाहिजेत असं त्यात कुठेही नाही. म्हणजे आमच्या जिल्ह्याला या कलमात अडवणारी गोष्ट एकच, राज्यपालांची सही. मागच्या बाकावरचा पोरगा संविधानाच्या माझ्यापेक्षा जवळ होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर आधी हे कबूल केलं. "काल मी तुला बसवलं ते चुकलं. कायद्याच्या अक्षराप्रमाणे तुझा प्रश्न बरोबर आहे." वर्ग एकदम जागा झाला. मॅडम चुकल्या याचा आनंद मुलांना केवढा होतो, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या आनंदावर पुढचे तीन तास निघाले. ते तीन तास कसे गेले ते इथे लिहिते आहे, कारण हा पाठ आपल्यासारख्या खेड्यातल्या शाळांत फारच कोरडा होतो आणि तसा होण्याची काही गरज नाही.

पहिल्यांदा मुलांच्या लक्षात आणून दिलं की शहर एकच असलं तरी त्याची माणसं मोजायला दोऱ्या वेगवेगळ्या आहेत. पहिली दोरी महापालिकेच्या हद्दीची. हिचं सगळ्यात चांगलं उदाहरण कोलकाता. २०११ साली कोलकाता महापालिकेच्या हद्दीत साधारण ४५ लाख माणसं होती. पण जनगणनेच्या यादीत कोलकाता दिसतं १ कोटी ४१ लाखांचं. एवढी माणसं आली कुठून? हावडा आणि हुगळीकाठची इतर शहरं एकमेकांना चिकटलेली आहेत, ती सगळी मिळून हा आकडा. मुंबईचंही तसंच. बृहन्मुंबई महापालिकेत १ कोटी २४ लाख. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर वगैरे धरून १ कोटी ८४ लाख.

ही दुसरी दोरी जनगणनेची. तिला नागरी समूह म्हणतात. मुख्य शहर, त्याला लागून वाढलेल्या वस्त्या, आणि त्यांना लागून असलेली दुसरी शहरं. अट अशी की वस्ती तुटता कामा नये. म्हणजे इथे सही नाही, घराला घर लागलेलं पाहिजे. २०११ मध्ये देशात दहा लाखांवरचे असे ५३ समूह आणि शहरं होती. २००१ मध्ये ३५ होती. महाराष्ट्रात सहा : मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि वसई-विरार.

वसई-विरार नाव आलं की हुशार मुलं थबकतात. ते तर मुंबईतच नाही का? लोकलने रोज माणसं मुंबईला जातात. पण जनगणनेने त्याला मुंबईच्या समूहात धरलं नाही, स्वतंत्र १२ लाखांचं शहर म्हणून मोजलं. मात्र मुंबई महानगर प्रदेश नावाचा जो सरकारी प्रदेश आहे, ज्याचं प्राधिकरण १९७५ साली झालं, त्यात वसई-विरार आहे. ही तिसरी दोरी, नियोजनाची. ती सगळ्यात लांब पसरते. या प्रदेशात आता पालघर, अलिबाग, पेण, खालापूरकडचा भागही आला आहे आणि त्याचं क्षेत्रफळ सहा हजार चौरस किलोमीटरच्या वर गेलं आहे. म्हणजे आपल्या अख्ख्या गोंदिया जिल्ह्यापेक्षा मोठं! त्यात भातशेती आहे, डोंगर आहेत, आदिवासी पाडे आहेत. "मंग त्यायले शेत असून महानगर म्हनतेत, आन आपल्याले नाही?" कालचाच पोरगा. त्याला आता कोणी थांबवू शकत नव्हतं.

आपल्या जवळचं उदाहरण नागपूरचं. शहरात सुधार प्रन्यास स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे, पण २०१७ साली नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झालं आणि शहराभोवतीची सातशेहून अधिक गावं त्यात आली. कामठी, हिंगणा, मौदा, पारशिवनी, उमरेड या बाजूंची गावं. तिथल्या शेतकऱ्याच्या बांधावर काही बदललं नाही. आदल्या दिवशी होती तीच संत्र्याची झाडं दुसऱ्या दिवशी होती. पण शेतात लेआउट टाकायचा, घर बांधायचं, तर परवानगीचा दरवाजा बदलला. हद्दीच्या रेषेने जमिनीचे भाव बदलतात हे मुलांना समजावून सांगावं लागलं नाही. कोणाचा तरी मामा कुठे तरी प्लॉट घेऊन बसलेला असतोच.

इथे एक गंमत फक्त शिक्षकांसाठी. आपला घरभाडे भत्ता. एक्स, वाय, झेड हे वर्ग आपल्याला पाठ आहेत : ५० लाखांवर एक्स, ५ ते ५० लाख वाय, बाकी सगळे झेड. पण हे लाख कोणत्या दोरीने मोजतात? जनगणनेच्या नागरी समूहाच्या! पुणे महापालिकेत २०११ साली ३१ लाख माणसं होती. नुसत्या शहरावर पुणे एक्स झालंच नसतं. पिंपरी-चिंचवडचे १७ लाख आणि तिन्ही कटक मंडळं वगैरे धरून आकडा ५० लाखांच्या किंचित वर गेला आणि केंद्राच्या यादीत पुणे वायमधून एक्समध्ये चढलं. हद्दीची व्याख्या ही नुसती भूगोलाची गोष्ट नाही, ती आपल्या पगारपत्रकात दर महिन्याला छापलेली असते. आपण सालेकसावाले झेड, गोंदियावालेही झेड, त्यामुळे आपल्यात तरी भांडण नाही.

आता शहर म्हणजे काय, हा मुळातला प्रश्न. तो आमच्याकडे फार जवळचा आहे. महाराष्ट्र शासनाने २०१४ मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगर पंचायती करायचं ठरवलं, त्यात सालेकसा आलं. म्हणजे कागदावर आम्ही शहरात शिकवतो. याला वैधानिक शहर म्हणतात. सही झाली की शहर. आमगाव खुर्द आणि सालेकसा ही दोन गावं बाहेरच्या माणसाला वेगळी ओळखूही येत नाहीत, पण नगर पंचायतीत आमगाव खुर्द आत की बाहेर यावरून केवढं रामायण झालं हे इथल्या पालकांना सांगायला नको. शेजारच्या आमगावात तर नगर परिषदेत घातलेल्या आठ गावांचा प्रश्न वर्षानुवर्षं कोर्टात लटकला. धड गाव नाही, धड शहर नाही, योजना कुठल्याच नाहीत, असं म्हणत २०२२ मध्ये त्या लोकांनी आम्हाला मध्य प्रदेशात जाऊ द्या अशी मागणी केली होती. हद्द चुकली की काय होतं याचं इतकं जवळचं उदाहरण पुण्या-मुंबईच्या पुस्तकाला सापडणार नाही.

शहराची दुसरी जात जनगणनेची. तिथे सही लागत नाही, तीन कसोट्या लागतात : लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीबाहेरच्या कामात. या तिन्हीत बसलं की कारभार ग्रामपंचायत पाहत असली तरी जनगणना त्याला शहर म्हणते. नागपूरजवळची वाडी आणि डिगडोह २०११ साली अशीच होती. देशात अशी जनगणना शहरं २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. दहा वर्षांत जवळपास तिप्पट, आणि कोणी नारळसुद्धा फोडला नाही.

तिसरी कसोटी मी फळ्यावर लिहिली तेव्हा एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, पुरुषच काऊन? बाया काम नाही करत का?"

मी या पाठावर इतकी वर्षं तो शब्द लिहीत आले आहे आणि माझ्या कधी डोळ्यात आला नव्हता. आमच्याकडे रोवणा बायाच करतात. आषाढात कमरेएवढं वाकून चिखलात धान रोवणाऱ्या बायांच्या रांगा या मुलीने जन्मल्यापासून पाहिल्या आहेत, स्वतःही त्या रांगेत उभी राहिली असेल. कुठलं गाव शहर झालं हे ठरवताना तिच्या आईचं काम हिशेबातच धरत नाहीत. ते धरलं तर कित्येक गावं शहर ठरणार नाहीत, कारण पुरुष बाहेर गेले की शेती बायांवर येते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तेवढंच म्हणाले, "प्रश्न वहीत लिहून ठेव."

तिसऱ्या दिवशीचा तास मला सगळ्यात आवडला. मी मुलांना सांगितलं की जगात आणखी एक दोरी आहे, आणि ती घरं नाही, माणसांचं जाणं-येणं मोजते. अमेरिकेत १९५० च्या जनगणनेपासून महानगर क्षेत्राची अशी पद्धत आहे. तिकडे काउंटी नावाचा आपल्या जिल्ह्यासारखा भाग असतो. मध्ये किमान पन्नास हजारांचं शहर घ्यायचं, आणि आजूबाजूच्या ज्या काउंटीतले किमान २५ टक्के कामकरी रोज त्या मधल्या भागात कामाला जातात ती काउंटी महानगरात धरायची. मध्ये जंगल असो, शेत असो, राज्याची सीमा असो. न्यूयॉर्कच्या महानगरात शेजारच्या न्यू जर्सी राज्याचा भाग येतो तो असा. जपानमध्ये तर अट खूपच सैल : मधल्या शहरात नोकरीला किंवा शिकायला रोज जाणारी पंधरा वर्षांवरची माणसं गावच्या लोकसंख्येच्या दीड टक्का जरी असली तरी ते गाव महानगरात. म्हणूनच टोकियोचा आकडा आपल्याला एवढा प्रचंड दिसतो. (जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांची यादी स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा. दर यादीत क्रम का बदलतो, त्याचं कारण बहुतेक वेळा दोरीत असतं.)

मग म्हटलं, आपण सालेकसाचं काढू. फळ्याच्या मधोमध गोल काढला. पांढऱ्या खडूने रोज जाणं-येणं, पिवळ्या खडूने दवाखाना-बाजार-कोर्टकचेरी, लाल खडूने कामासाठी महिनोन्‌महिने जाणं. प्रत्येकाने आपल्या घरातलं एक-एक माणूस सांगायचं. मास्तर-मास्तरीण चालतील का, असं एकाने विचारलं. चालतील म्हटलं. तर पहिला पांढरा बाण माझाच निघाला, गोंदियाकडून सालेकसाकडे!

पांढरे बाण फार लांब गेले नाहीत. आमगाव, गोंदिया, देवरी. थोडे डोंगरगडला. पिवळे बाण मात्र मजेदार. मोठा दवाखाना म्हटलं की गोंदिया, त्यापुढे नागपूर हे मी धरून चालले होते. पण बरेच बाण पूर्वेला निघाले : राजनांदगाव, दुर्ग-भिलाई, रायपूर. काही उत्तरेला, लांजीकडे. तेव्हा ॲटलास काढून अंतर पाहिलं. सालेकसाहून नागपूर रेल्वेने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. दुर्ग-भिलाई साधारण शंभरच्या आत-बाहेर. दरेकसाचा बोगदा ओलांडला, डोंगरगड, राजनांदगाव, की दुर्ग. आणि दुर्ग-भिलाईनगर हा २०११ च्या यादीतला दहा लाखांवरचा नागरी समूह आहे. म्हणजे आमचं सगळ्यात जवळचं महानगर नागपूर नव्हेच, ते छत्तीसगडमध्ये आहे. मी स्वतः चाट पडले. नकाशात राज्याचा रंग बदलला की आपली नजर तिथे थांबते. आपली व्याख्याही तिथेच थांबते, कारण सही त्या-त्या राज्याच्या राज्यपालांची. दिल्लीचा नागरी समूहही दिल्लीच्या सीमेवर संपतो. घरं पुढे नोएडा-गुरुग्रामपर्यंत गेलेली असली तरी. त्यासाठी १९८५ मध्ये संसदेला राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा वेगळा कायदा करावा लागला.

एकाने मध्येच विचारलं, कचारगडच्या यात्रेला माघ पौर्णिमेला लाखो लोक येतात, तेव्हा आपण महानगर होतो का? वर्ग हसला. मी म्हटलं, चार दिवसांचं होतो, पण कोणी मोजत नाही.

लाल बाण सगळ्यात शेवटी काढले आणि फळा तिथे भरून गेला. नागपूर, पुणे, हैदराबाद, मिरची तोडायला तेलंगणा. पुरुषच्या प्रश्नावर उभी राहिलेली ती मुलगी इथे परत उठली. तिचा बाण नागपूरला जात होता. बाबा हिंगण्याच्या बाजूला बांधकामावर आहेत. दिवाळीला येतात, रोवण्याला येतात.

"मॅडम, माझे बाबा कोणत्या शहरात मोजतेत?"

याचं उत्तर मात्र मला येत होतं, कारण २०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होते. ९ ते २८ फेब्रुवारी ते काम केलं, दिवसा शाळा आणि संध्याकाळी घरोघर. तेव्हाचा नियम असा होता की माणूस त्या वीस दिवसांत घरी असला किंवा तेवढ्यात परत येणार असला तर घरी मोजायचा. पूर्ण काळ बाहेर असणार असला तर जिथे आहे तिथे. तिला हे सांगितलं. ती थोडा वेळ विचार करत उभी राहिली.

"म्हनजे ते नागपूरचे."

"त्या काळात घरी आले नाहीत तर, हो."

"पन राशन कार्ड तं इथंच आहे. मतदानालेबी इथंच येतेत."

त्या क्षणी मला २०११ ची ती प्रश्नावली आठवली, आणि एक गोष्ट पंधरा वर्षांनी लक्षात आली. शेतीबाहेर काम करणाऱ्यांसाठी त्यात प्रश्न होता : घरापासून कामाच्या जागेचं एका बाजूचं अंतर किती किलोमीटर, आणि जाता कशाने. पायी, सायकल, मोटारसायकल, बस, रेल्वे, असे पर्याय. शेकडो घरांत मी तो विचारला. माझ्या स्वतःच्या घरी प्रगणक आल्या तेव्हा मीही उत्तर दिलं, रेल्वे. पण कुठे जाता, हे त्या फॉर्ममध्ये विचारलेलंच नव्हतं. किती लांब ते सरकारला कळलं, कोणत्या दिशेला ते कळलं नाही. अमेरिका-जपानची दोरी आपल्याकडे का वापरता येत नाही याचं एक कारण एवढं साधं आहे. बाणाची लांबी आहे, टोक नाही. आणि शेतमजूर किंवा शेतकरी असाल तर लांबीसुद्धा नाही, कारण तो प्रश्न त्यांना विचारायचाच नव्हता.

आता यात माझं मत. अमेरिकेची पद्धत इथे आणली तरी या मुलीच्या बाबांना ती पकडणार नाही, कारण ते रोज जात-येत नाहीत, चार महिन्यांतून एकदा येतात. रोजचं जाणं-येणं हे पगारदारांचं, पासवाल्यांचं जाणं-येणं आहे. माझ्यासारख्यांचं. आमच्या तालुक्याला शहराशी बांधणारी दोरी लाल खडूची आहे आणि ती कुठल्याच व्याख्येत नाही. मार्च २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या तेव्हा ती दोरी सगळ्या देशाने रस्त्यावर चालत येताना पाहिली. शहरांनी तेव्हा ही माणसं आपली म्हणून मोजली नाहीत. वर्गात मी हे बोलले नाही. काही मुलांचे बाप त्या रस्त्याने आले होते, आणि मुलांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ज्या शिक्षकांना हा तास घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. तीन रंगांचे खडू आणि एक ॲटलास पुरे. घरातल्या माणसाचं नाव घ्यायला लावू नका, "एक जण" म्हटलं तरी चालतं; काही घरांत बाहेर गेलेला माणूस परतलेला नसतो, तो विषय वर्गात उघडा पडता कामा नये. मला हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं, आधी कळायला हवं होतं. बाण काढून झाल्यावर मुलांना एकच प्रश्न द्या : यातले कोणते बाण धरून तुम्ही सालेकसाची (किंवा तुमच्या गावाची) हद्द आखाल? माझ्या वर्गात एकमत झालं नाही. एका गटाने दुर्ग-भिलाईला जोडलं, एका गटाने गोंदियाला, आणि दोन मुलांनी मधल्या गोलालाच जाड रेघ मारून "आमचं आम्हीच" असं लिहिलं. तीनही उत्तरं मी फळ्यावर तशीच ठेवली. पालकांना विनंती एवढीच की मूल घरी येऊन "आपल्या घरातलं कोन कुठं जाते?" असं विचारू लागलं तर त्याला हाकलू नका, तो अभ्यासच आहे.

महिन्याभराने घटक चाचणी झाली. प्रश्न नेहमीचाच होता, महानगर म्हणजे काय, दोन गुण. बहुतेकांनी दहा लाखांची ओळ लिहिली. काहींनी राज्यपालांची सही लिहिली, मला बरं वाटलं. त्या मुलीने व्याख्या नीट लिहिली होती आणि खाली, ओळ सोडून, "यात जे लोक कधी कधी घरी येतात ते पण धरतात" असं वाक्य जोडलं होतं. मी दोन पैकी दोन दिले. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने ते वाचून विचारलं, हे वाक्य कुठल्या पुस्तकात आहे? म्हटलं, पुस्तकात नाही, पण चूकही नाही.

पेपर वाटले त्या दिवशी मुलांना सांगितलं की पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, त्याआधी फेब्रुवारीत घरोघर मोजणी होईल, आणि बहुतेक आम्हा शिक्षकांनाच पुन्हा पाठवतील. फॉर्म हातात आला की मी सगळ्यात आधी तो कामाच्या जागेचा प्रश्न पाहणार आहे. मधल्या सुट्टीत ती मुलगी टेबलाजवळ आली.

"मॅडम, बाबाले सांगू का तवा घरी यायले?"

मोजून घ्यायला म्हणून चार दिवसांची मजुरी बुडवून ये, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? म्हटलं, "नको गं. जिथे असतील तिथे खरं सांगू दे म्हणावं."

"मंग नागपूरचाच एक वाढन," ती म्हणाली, आणि पेपर घडी करून दप्तरात टाकला.